लाल बनातीची पाटलोण

तेकोमाल्कोच्या अंमलदारांनी, म्हणजे डॉन एवारिस्तो उरुएतांनी, लेंग्याविरुद्ध हुकूम काढला तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं साहेबांना ताप चढलाय. हुकूम चर्चच्या दारावर, नगरभवनाच्या खांबावर आणि न्हाव्याच्या दुकानात चिकटवला होता. मेहिकोच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं पुरी होत असल्याने, राज्यपालांचे सेक्रेटरी आणि परदेशी पाहुणे गावाला भेट देणार असल्याने, आणि पांढरा सुती लेंगा हे मागासलेपणाचं लक्षण असल्याने, यापुढे कोणाही पुरुषाला पाटलोणीशिवाय गावाच्या नाक्याच्या आत पाऊल टाकता येणार नाही.

डोंगरातल्या वाड्यांवरच्या माणसांनी जन्मात पाटलोण घातली नव्हती. बाजाराला यायचं तर करायचं काय? त्याचीही सोय साहेबांनी केली होती. नाक्यावर एक छपरी उभारली, तिथे चाळीस पाटलोणी खुंट्यांना टांगल्या आणि त्या भाड्याने देण्याचा मक्ता आपल्या मेहुण्याला दिला. आत जाताना भाड्याने घ्यायची, बाहेर पडताना सोडून द्यायची. सगळ्या एकाच मापाच्या. बुटक्याच्या पायात ती अकॉर्डियनसारखी गोळा व्हायची, उंच माणसाच्या नडगीवर थांबायची.

त्या चाळीसही पाटलोणी शिवल्या होत्या लिबोरियाने. गावात शिवणयंत्र एकच, तिचं. नवरा वारल्याला नऊ वर्षं झाली होती. ती चौकातल्या छोट्या दुकानात शिवण करी आणि मागच्या दोन खोल्यांत म्हाताऱ्या बापाबरोबर राही. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला इतकी सवय होती की टाचण्या नसल्या तरी ती ओठांच्या एकाच कोपऱ्यातून बोले. त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य टोमणा वाटायचं. बरेचदा असायचंही.

समारंभाला आठवडा उरला असताना डॉन एवारिस्तो स्वतः दुकानात आले. मागे शिपाई, त्याच्या खांद्यावर लाल बनातीचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, तागा.

"डोन्या लिबोरिया, ही बारा वार बनात आहे. खास शहरातून मागवली. व्यासपीठाच्या चारी बाजूंनी झालर लागली पाहिजे. आणि तुमचे वडील रविवारी व्यासपीठावर बसतील."

"माझे वडील? कशाला?"

"कशाला म्हणजे? पुएब्लाच्या लढाईतला या जिल्ह्यातला एकच वीर जिवंत आहे. सेक्रेटरीसाहेबांना दाखवायला आपल्याकडे दुसरं आहे काय? कारंजं तर चालत नाही." मग साहेबांनी काखेतलं पुडकं टेबलावर ठेवलं. "ही काळी पाटलोण. माझी जुनी. मिरवणूक नाक्यावरून आत येईल; लेंग्यात आले तर तिथेच अडवीन, वीर असोत की वीराचे बाप."

"नाही घातली तर?"

"तर चौकातलं हे दुकान उगाच जागा अडवतंय असं मला वाटायला लागेल," साहेब गोड हसून म्हणाले आणि निघून गेले.

लिबोरियाचा बाप निकासियो मागच्या अंगणात गाढवाच्या कानातली गोचीड काढत बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. बहिरेपण तो सोयीने वापरी.

"नाही घालणार," लेक दारात येताच तो म्हणाला.

"ताता, मी अजून काही बोलले नाही."

"तू बोलायच्या आधीच सांगतोय. याच लेंग्यावर मी फ्रेंचांची लाल पलटण पळवली. त्यांच्या एकेका विजारीच्या पायात वासरू मावलं असतं. त्या विजारी पळत होत्या आणि लेंगे त्यांच्या मागे. आता त्या एवारिस्तोच्या बुडाखालची उतरलेली पाटलोण घालू?"

"दुकान जाईल ताता."

निकासियोने गोचीड चिरडली. तो विचारात पडला. दुकान गेलं तर जेवण जाईल, एवढं त्यालाही कळत होतं. "एकच पाटलोण मी घालीन," तो शेवटी रुबाबात म्हणाला. "त्या फ्रेंचाची. मी जिंकून आणलेली. पेटीत आहे ती." आणि मग जरा घाईने, "पण ती आता फार जीर्ण झाली. हात लावला तर विरेल. तेव्हा राहूच दे."

ती पेटी लिबोरियाच्या जन्माआधीपासून त्याच्या खाटेखाली होती. लाल पाटलोणीची गोष्ट तर सगळ्या तेकोमाल्कोला पाठ होती. मक्याच्या शेतात गाठलेला धिप्पाड फ्रेंच, त्याच्या डाव्या मांडीतून आरपार गेलेली गोळी, शरण येऊन त्याने उतरवून दिलेली विजार. पाटलोण मात्र कोणी पाहिली नव्हती. किल्ली निकासियोच्या गळ्यात क्रुसाशेजारी असे. लिबोरिया आठ वर्षांची असताना एका पोरीने "तुझा बाप थापाड्या आहे" म्हटल्यावर तिने त्या पोरीचा दात पाडला होता.

दुसऱ्या दिवशी म्हातारा दुपारचा झोपला तशी तिने पेटी ओढली. कुलूप शाबूत होतं, पण मागच्या बिजागऱ्या गंजलेल्या. कात्रीच्या टोकाने तिने खिळे उचकटले. आपण फक्त कापड किती विरलंय ते बघतोय, असं ती स्वतःला सांगत होती.

आत एक चुरगळलेली टोपी होती. खेचराच्या गळ्यातली घंटा होती. आणि चौघडी घातलेला एक सरकारी कागद. पाटलोण नव्हती. लाल चिंधीसुद्धा नव्हती.

लिबोरियाला अक्षर लावत लावत वाचता येई. कागदावर लिहिलं होतं की निकासियो, व्यवसाय खेचरवाला, हा लष्करासाठी चौदा पोती घेवडा घेऊन दिनांक सात मे रोजी पुएब्लास दाखल झाला.

लढाई झाली होती पाच तारखेला.

ती पेटीच्या झाकणावर बसली. पलीकडे म्हातारा तोंड उघडं टाकून घोरत होता. तिला संताप आला. त्या दाताबद्दल तिने बापाच्या हातून नाही तरी आईच्या हातून भरपूर मार खाल्ला होता. मग चौदा पोती घेवडा घेऊन, घंटा वाजवत, संपलेल्या लढाईवर घाईने निघालेला वीस वर्षांचा निकासियो तिच्या डोळ्यांसमोर आला आणि तिला हसू फुटलं. हसू दाबायला तिने शालीचं टोक तोंडात कोंबलं. म्हातारा कुशीवर वळला.

दुकानात येऊन तिने टेबलावरच्या लाल बनातीकडे पाहिलं. बारा वार. झालरीला चुण्या जरा कमी घातल्या आणि मागची बाजू, जी कोणी बघत नाही, तशीच सोडली, तर किती उरेल? तिने टेप काढली.

न्हाव्याच्या दुकानात पुएब्लाच्या लढाईचं एक रंगीत चित्र लटकत होतं. लिबोरिया तिथे जाऊन उगाचच कात्रीला धार लावून घेत बसली. न्हाव्याला वाटलं बाईच्या मनात लग्नाचा विचार आहे, तो अर्धा तास दाढी कुरवाळत बोलत राहिला. ती त्याच्या डोक्यावरून फ्रेंचांच्या विजारी निरखत होती. कमरेला दाट चुण्या, मध्ये फुगा, गुडघ्याखाली आवळलेल्या. बाजूला निळी पट्टी.

तीन दुपारी ती कपाटाआड बसून शिवत होती. पाटलोण तयार झाली ती इतकी सुंदर, इतकी नवी कोरी लाल, की कोणीही तिला कालची म्हणालं असतं. मग तिने ती राखेच्या पाण्यात धुतली. कॉफीत बुडवली. अंगणात अंथरून गाढवाला वरून चार वेळा नेलं. कोंबड्यांच्या खुराड्यात एक रात्र ठेवली. शेवटी तापलेल्या सळीने मांडीवर भोक पाडलं आणि लांबून बघितलं. अठ्ठेचाळीस वर्षांची दिसत नव्हती, पण तीस वर्षांची नक्की दिसत होती.

शनिवारी सकाळी म्हातारा मक्याची पेज पीत बसला असताना तिने ती त्याच्यापुढे धरली.

"ताता, रागावू नका. पेटी उघडली मी. ही बघा, किती छान राहिलीय."

निकासियोच्या ओठांवरचा वाडगा तिथेच थांबला. त्याने पाटलोणीकडे पाहिलं. लेकीकडे पाहिलं. लेक डोळ्याला डोळा भिडवून उभी होती, चेहऱ्यावरची माशी हलू न देता. गाढव ओरडलं. कुठेतरी चर्चची घंटा झाली.

"कसर नाही लागली," तो म्हणाला.

"तुम्ही सुक्या मिरच्या ठेवल्या होत्यात ना सोबत."

"हो. मिरच्या ठेवल्या होत्या मी." त्याने वाडगा खाली ठेवला, कापडावरून हात फिरवला. बोट भोकाशी आलं. "हे उजव्या मांडीवर आहे."

लिबोरियाने भोकाकडे पाहिलं. डावी. लहानपणापासून डावी ऐकत आली होती.

"उजवीच," म्हातारा ठामपणे म्हणाला. "मी नेहमी उजवीच सांगत आलोय. लोक नीट ऐकत नाहीत."

रविवारी नाक्यावर गर्दी उसळली. आसपासच्या वाड्यांवरून अडीचशे माणूस आलं होतं आणि पाटलोणी चाळीसच. त्या केव्हाच संपल्या. बाकीचे लेंग्यात उन्हात उभे. त्यांत निकासियोचे जुने सोबती होते, कुंभार प्लासिदो होता. नाक्यावरचा शिपाई मेलेसियो बंदूक आडवी धरून घसा सुकवत होता.

"अरे, हे तंगडं बघ, हे तंगडं बघ," प्लासिदो त्याला म्हणत होता. "असं तंगडं पाटलोणीत लपवायचं म्हणजे पाप नाही का?"

"मला नको सांगू. कागदाला सांग."

तेवढ्यात मिरवणुकीसाठी गावाला बाहेरून वळसा घालून गाढवावरून निकासियो आला. वर धुतलेला पांढरा सदरा, खाली विटका लाल फुगा. लिबोरिया लगाम धरून पुढे चालत होती. गर्दीत एकदम गलका झाला. मेलेसियोने हुकूम खिशातून काढून पुन्हा वाचला. पाटलोण, असं लिहिलं होतं. रंग लिहिला नव्हता.

"ही पाटलोण आहे का?" त्याने लिबोरियाला विचारलं.

"तुझ्या चाळिसांमध्ये मिळून जेवढं कापड आहे ना, तेवढं हिच्या एका पायात आहे. मोजून घे."

मेलेसियोने बंदूक उभी केली.

चौकात व्यासपीठावर सेक्रेटरीसाहेब मध्ये बसले होते, जाडे, घामेजलेले, सकाळपासूनचं चौथं भाषण सोसत. त्यांच्या उजवीकडे पाहुणे, खालच्या नदीवरच्या कापडगिरणीत नवी यंत्रं बसवायला आलेले इंजिनियर मस्यू लाफोन. फ्रेंच माणूस बोलावलाय हे डॉन एवारिस्तोंना चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच भाषणात त्यांनी पुएब्लाच्या लढाईचा उल्लेख 'जुना गैरसमज' असा केला होता. निकासियो पायऱ्या चढून वर आला तेव्हा साहेबांच्या हातातलं भाषण गळून पडलं.

"हे काय आहे?" सेक्रेटरीसाहेब जागे होत म्हणाले.

"पाटलोण, साहेब," निकासियो म्हणाला. "हुकुमाप्रमाणे. यांच्याच एका माणसाची." आणि हनुवटीने त्याने मस्यू लाफोनकडे खूण केली.

मस्यू लाफोन उठले. लांब, वाळके, पिंगट मिशांचे. ते सावकाश म्हाताऱ्याजवळ आले, वाकले, बनात चिमटीत धरून चोळली. चिमूट नाकाशी नेली. खाली उभ्या लिबोरियाला वाटलं, आता कॉफीचा वास. गृहस्थांनी एक बोट भोकात घातलं आणि आतून हलवून बघितलं. मग त्यांची नजर पायाखालच्या झालरीवर गेली, पुन्हा पाटलोणीवर आली.

मस्यू लाफोन ताठ उभे राहिले. टाचा जुळवल्या.

"दुसरी पलटण," ते आपल्या हेलातल्या स्पॅनिशमध्ये मोठ्याने म्हणाले. "हे कापड मी कुठेही ओळखीन. माझे वडील हेच घालून या देशात आले होते." आणि त्यांनी निकासियोला कडक सलाम ठोकला.

सेक्रेटरीसाहेबांनी टाळी वाजवली, म्हणून सगळ्यांनी वाजवली. बँडने घाबरून भलतीच पोल्का सुरू केली. डॉन एवारिस्तो मात्र खाली झालरीकडे बघत होते. व्यासपीठाची मागची बाजू उघडी, फळ्या दिसताहेत. त्यांनी पाटलोणीकडे पाहिलं. तोंड उघडलं. सेक्रेटरी म्हाताऱ्याला मिठी मारत होते. तोंड मिटलं.

"आता आमच्या वीरांनी जयघोष द्यावा!" सेक्रेटरीसाहेब गरजले.

निकासियोने छाती भरून घेतली. "स्वातंत्र्याचा जय असो!" चौक ओरडला. "मेहिकोचा जय असो!" चौक ओरडला. एवढ्यावर थांबायचं होतं. पण म्हाताऱ्याला गोडी लागली होती. "कुंभार प्लासिदोचा जय असो!"

चौकात कोणी ओरडलं नाही. पण नाक्याकडून, घरांच्या पलीकडून, दोनशे गळ्यांचा आवाज आला: "जय असो!"

"हे कोण?" सेक्रेटरींनी विचारलं.

"शेळीवाल्या रुफिनोचा जय असो!" निकासियो सुटलाच होता.

"जय असो!" नाक्याकडून.

"बाहेर कोण आहे, डॉन एवारिस्तो?"

"ते, साहेब... आरोग्याच्या दृष्टीने..."

"लेंगेवाले आहेत," निकासियोने सांगितलं. "लढाईत लेंगे चालले. चौकात चालत नाहीत."

मस्यू लाफोन पुढे झुकले. "माझे वडील म्हणायचे, आम्हाला ज्यांनी हरवलं ते पांढऱ्या कपड्यांत होते. मला बघायची फार इच्छा आहे, सेक्रेटरीसाहेब."

पाहुण्यांची इच्छा म्हटल्यावर काय करणार? मेलेसियोने नाका उघडला आणि दोनशे लेंगे चौकात घुसले. भाड्याच्या पाटलोणी घातलेल्या चाळीस जणांनी ते पाहिलं आणि तिथल्या तिथे पाटलोणी उतरवून खांद्यावर टाकल्या. आत लेंगे होतेच.

जेवणाच्या मांडवात लिबोरिया टर्कीचा मोले रस्सा वाढत असताना मस्यू लाफोननी ताट पुढे केलं आणि हळूच म्हणाले, "बाई, शिवण यंत्राची आहे. सुंदर आहे. पण त्या वेळी आमच्या पलटणीत हाताने शिवत."

पळी लिबोरियाच्या हातात तशीच राहिली. "मग तुम्ही वर..."

"माझे वडील तीन जखमा झाल्याचं सांगत. सबंध युद्धात ते वेराक्रूझला पाव भाजत होते. मला हे ते गेल्यावर कळलं." त्यांनी ताटाकडे बोट दाखवलं. "अजून थोडा रस्सा."

लिबोरियाने टर्कीची सगळ्यात मोठी तंगडी शोधून त्यांच्या ताटात टाकली.

डॉन एवारिस्तोंनी तिला चर्चच्या भिंतीशी गाठलं. "बारा वार दिली होती. बारा!"

"आटली हो साहेब. धुतली की बनात आटते."

"धुवायला कोणी सांगितलं होतं?"

"पाहुणे यायचे, मळकी कशी लावणार?" ती ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली. "पाहिजे तर सेक्रेटरीसाहेबांसमोर मोजू. पाटलोणीशेजारी धरून मोजायची का?"

साहेबांचा चेहरा झालरीच्या रंगाचा झाला. सेक्रेटरीसाहेबांनी नुकतंच जाहीर केलं होतं की हा ऐतिहासिक ठेवा नगरभवनात काचेच्या पेटीत ठेवावा, खर्च अंमलदारांनी करावा.

संध्याकाळी घरी परतताना निकासियोने गाढवावर बसून कमरेची गाठ सैल केली. मग म्हणाला, "कमरेला जरा घट्ट होते."

"पन्नास वर्षांत माणूस फुगतो, ताता."

"हं. माणूस फुगतो." थोडं पुढे गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, "तुझ्या आईने त्या दातावरून तुला मारलं होतं, ते मला पटलं नव्हतं बरं का." लिबोरियाने लगाम ओढला. यापेक्षा जास्त त्यांच्यात या विषयावर कधीच बोलणं झालं नाही.

पाटलोण काचेत गेली. निकासियो दर रविवारी चर्चनंतर तिच्यापाशी उभा राहून लोकांना मक्याच्या शेताची गोष्ट सांगे. महिनाभरात त्याचा स्वतःचाच तिच्यावर विश्वास बसला. लेंग्याचा हुकूम खांबावर होता, पण मेलेसियो तो वाचायचं टाळू लागला. छपरीतल्या पाटलोणींत उंदरांनी संसार थाटला.

पुढच्या मे महिन्यात उत्तरेत आणि मोरेलोसात पेटलेली क्रांती डोंगर उतरून तेकोमाल्कोला आली. डॉन एवारिस्तो आदल्या दिवशीच मेहुण्याच्या बग्गीतून निघून गेले होते. साठ घोडेस्वार नाक्यावरून आत शिरले, बहुतेक लेंग्यात, काही तेवढ्यातही नाही. त्यांचा कप्तान तिमोतेओ पंचविशीचा, हाडकुळा, आणि त्याच्या पाटलोणीची बैठक घोड्याच्या खोगिराने पार खाऊन टाकली होती. नगरभवनात शिरल्यावर त्याने काच फोडली ती बंदुकीच्या दस्त्याने, एका फटक्यात.

निकासियो भांडायला निघाला होता. पण कप्तानाने टोपी काढून विचारलं, "ही तुम्ही फ्रेंचाकडून घेतलीत, ताता? मी घातली तर चालेल? लढाईवरच चाललोय." तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे भरून आले आणि त्याने मान हलवली.

तासाभराने कप्तान लिबोरियाच्या दुकानात उभा होता. पाटलोण त्याच्या कमरेवरून घसरत होती, दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"डोन्या, कमरेत जरा आत घ्याल? पळताना सुटली तर क्रांतीची लाज जाईल."

लिबोरिया गुडघ्यावर बसली, टाचण्या तोंडात धरल्या आणि चुण्या दुमडायला लागली. अंगणातून बापाचा आवाज येत होता. तो कप्तानाच्या माणसांना मक्याचं शेत दाखवत होता, हातवारे करून.

"शिवण काय मजबूत आहे!" कप्तान खाली वाकून बघत म्हणाला. "काही म्हणा, हे फ्रेंच लोक कामाला पक्के."

लिबोरियाने एक टाचणी जरा जोरात खोचली. कप्तान ओरडला.

"हलू नका," ती म्हणाली. "सरळ उभे राहा. अजून डावी बाजू व्हायचीय."